उतारशाळेचा रक्षक कोठे आहे?
सेवायात्रेच्या लेखनाविषयी काही विचार

आपल्या धर्मग्रामांच्या अंकांतून, युवा संघटनांच्या वार्षिकांतून आणि नाताळच्या विशेषांकांतून एक लेखनप्रकार आता चांगलाच रुळला आहे. साहित्यशास्त्रात त्याला नाव नाही. आपण त्याला ‘सेवायात्रेचे वृत्त’ म्हणू. पंधरा-वीस तरुण-तरुणी, सोबत एखादे फादर किंवा सिस्टर, आगगाडीचा लांबचा प्रवास, अनाथालयात, कुष्ठधामात अथवा मरणोन्मुखांच्या निवासात काढलेले आठ-दहा दिवस आणि परतल्यावर त्यांतील एकाने लिहिलेला लेख, असे त्याचे स्वरूप. कोलकात्याला जाऊन आलेले असे लिहितात. किल्लारीच्या भूकंपानंतर (१९९३) किंवा त्सुनामीनंतर (२००४) मदतीला धावलेल्यांनीही असेच लिहिले. समीक्षक या लेखांकडे सहसा वळत नाहीत. चांगल्या कामाचे चांगल्या मनाने केलेले वर्णन, त्यावर टीका ती काय करायची, अशी त्यामागची भावना असते. ही भावना आम्हाला मान्य नाही. जे लेखन आपल्या घराघरांत वाचले जाते आणि ज्याच्या आधाराने पुढची पिढी ‘गरीब’ या शब्दाचा अर्थ शिकते, त्याची चिकित्सा एखाद्या कादंबरीइतक्याच गांभीर्याने व्हावयास हवी.

या वृत्तांचा साचा ठरलेला आहे. प्रथम निघण्यापूर्वीची हुरहूर. मग स्थानकाबाहेरचे पहिले दर्शन आणि त्याने बसलेला धक्का. मग पहिल्या दिवशीची किळस, तिच्यावर प्रार्थनेने मिळवलेला विजय आणि कोण्या एका आजीच्या चेहऱ्यावर उमटलेले हसू. शेवटी निरोपाचे अश्रू आणि ‘आम्ही द्यायला गेलो होतो, पण घेऊनच परत आलो’ हे समारोपाचे वाक्य. यातील एकही भावना खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. ती त्या तरुणांच्या वाट्याला खरोखरच आलेली असते. आमचा आक्षेप वेगळा आहे आणि तो व्याकरणाच्या भाषेत अधिक स्पष्ट मांडता येईल. शाळेत आपण विभक्ती शिकलो. प्रथमा कर्त्याची, चतुर्थी संप्रदानाची, म्हणजे ज्याला काही द्यायचे त्याची. सेवायात्रेच्या वृत्तात प्रथमा सदैव ‘आम्ही’कडे असते. आम्ही त्यांना भरवले, आम्ही त्यांना न्हाऊ घातले, आम्ही त्यांना गाणी म्हणून दाखवली. गरीब माणूस पानोपानी चतुर्थीत उभा असतो. प्रथमेत तो येतो तो हसण्यापुरता किंवा मरण्यापुरता. त्याला गाव नसते, धंदा नसतो, मत नसते, रागही नसतो. ज्याच्यासाठी एवढी यात्रा केली, तोच लेखात भेटत नाही.

दाखल्याची रचना

या लेखनाला कोणता निकष लावावा? आम्हाला तो दूर शोधावा लागत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात दयाळू शोमरोन्याचा दाखला आहे. त्याचा बोध आपण लहानपणापासून ऐकत आलो. एक कथा म्हणून त्याच्या रचनेकडे मात्र आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, हे सारे आपल्याला पाठ आहे. पण शोमरोनी आल्यावर कथा कशी पुढे सरकते, ते पाहण्यासारखे आहे. त्याला कळवळा आला, एवढे सांगून प्रभू येशू त्याच्या मनाचा विषय संपवतो. त्याला किळस आली काय, ती त्याने कशी जिंकली, रात्री त्याला झोप लागली काय, यांविषयी एक अक्षर नाही. त्यानंतर येतात त्या निव्वळ क्रिया: जवळ जाणे, तेल व द्राक्षारस ओतणे, जखमा बांधणे, स्वतःच्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत नेणे, रात्रभर काळजी घेणे. मग येतो हिशेब. दोन दिनार, म्हणजे द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजुराची दोन दिवसांची मजुरी. आणि वर लागेल ते परतताना देण्याचा शब्द.

शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला, ही गोष्टही आपण विसरतो. त्याला त्याचे काम होते. तेव्हा आठ दिवसांनी घरी परतणाऱ्या तरुणांना कोणी दोष देऊ नये. परंतु त्याने जखमी माणसाला ज्याच्या हवाली केले, तो उतारशाळेचा रक्षक दाखल्यात आहे. नाव नसलेला, धर्म न सांगितलेला, तरीही कथेतून काढता न येणारा. शोमरोनी गेल्यावर पट्टी बदलणारा तोच. पाणी पाजणारा तोच. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकाचे एक संपूर्ण प्रकरण या दाखल्याच्या चिंतनाला दिले आणि त्यात या रक्षकाचीही आठवण ठेवली. शोमरोन्याने एकट्यानेच सारे केले नाही, ही गोष्ट त्यांना महत्त्वाची वाटली.

दाखल्याचा शेवट तर लेखकाने जपून ठेवावा असा आहे. शास्त्र्याने विचारले होते, माझा शेजारी कोण? प्रभूने प्रश्न उलटा केला: लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? म्हणजे रस्त्यावर उभे राहून खाली पाहण्याऐवजी, पडलेल्या माणसाच्या बाजूने वर पाहावयाचे. जखमी माणूस दाखल्यात एक शब्दही बोलत नाही हे खरे. पण अखेरचा निवाडा त्याच्या जागेवरूनच होतो. सेवायात्रेच्या लेखनाला आम्ही हेच दोन प्रश्न विचारू इच्छितो. हे वृत्त कोणाच्या जागेवरून लिहिले आहे? आणि त्यात उतारशाळेचा रक्षक कोठे आहे?

कालीघाटचा प्रकाश

आपल्याकडील बहुतेक वृत्तांचे मूळ नमुने कोलकात्याशी निगडित आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करू. मदर तेरेसा यांनी १९५० साली मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ स्थापन केला आणि १९५२ साली कालीमातेच्या देवळालगत मरणोन्मुखांसाठी ‘निर्मल हृदय’ उघडले. ज्या इमारतीत ते सुरू झाले ती पूर्वी यात्रेकरूंची धर्मशाळा होती. दाखल्यातील उतारशाळेला याहून जवळची वास्तू कोणती असणार?

जगाला या निवासाची ओळख करून दिली ती ब्रिटिश पत्रकार माल्कम मगरिज यांनी. ‘समथिंग ब्युटिफुल फॉर गॉड’ हा त्यांचा बीबीसीवरील चित्रपट १९६९ चा आणि त्याच नावाचे पुस्तक १९७१ चे. पुस्तकातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. निवासात अंधार होता, चित्रण होणार नाही असे वाटत होते. प्रत्यक्षात चित्रे मंद, सुंदर उजेडात न्हालेली निघाली. मगरिज यांनी त्यात दैवी प्रकाश पाहिला. चित्रण करणाऱ्या छायाचित्रकाराने नंतर त्याचे श्रेय कोडॅकच्या नव्या फिल्मला दिले. चमत्कार झाला की नाही हा वाद येथे आमचा विषय नाही. समीक्षकाचा प्रश्न साधा आहे: त्या उजेडात लेखकाला कोण दिसले? त्याला मदर दिसल्या, सिस्टर दिसल्या आणि स्वतःच्या श्रद्धेचा शोध दिसला. (पुढे १९८२ साली मगरिज कॅथलिक झाले.) खाटेवर पडलेला माणूस कोठून आला होता, काय काम करीत होता, रस्त्यावर का पडला, याविषयी त्या उजेडाने फारसे काही सांगितले नाही.

गंमत अशी की, मदरच्या कठोर टीकाकारांचेही तेच झाले. ख्रिस्तोफर हिचन्स यांनी १९९५ साली मदरवर टीकेचे पुस्तक लिहिले. भक्ताच्या पुस्तकात मदर मध्यभागी, टीकाकाराच्या पुस्तकातही मदरच मध्यभागी. खाटेवरचा माणूस दोघांनाही पुराव्यापुरता हवा. या गदारोळात ज्याने खाटेकडे पाहिले तो एक वैद्यकीय संपादक होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ साली तेथील भेटीविषयी लिहिले. स्वच्छता, जखमांची निगा आणि मायेची वागणूक यांची त्यांनी नोंद घेतली. त्याचबरोबर नेमके निदान करण्याची पद्धत नाही, वैद्यकीय ज्ञान नसलेल्यांना निर्णय घ्यावे लागतात आणि तीव्र वेदनेवर पुरेशी प्रभावी औषधे दिली जात नाहीत, हेही त्यांनी सांगितले. हे वाचून आपल्यापैकी पुष्कळांची मने दुखावली. आम्हाला मात्र ते लेखन दाखल्याच्या जवळचे वाटते; कारण त्यातील प्रश्न पडलेल्या माणसाचा आहे: मला दुखते आहे, त्याचे काय? तेल आणि द्राक्षारस ही त्या काळची औषधेच होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’ या परिपत्रकात सेवा करणाऱ्यांकडे व्यावसायिक कौशल्यही हवे आणि अंतःकरणाचे शिक्षणही हवे, असे प्रतिपादन केले आहे. आपल्या वृत्तांत दुसऱ्या गोष्टीचे वर्णन भरभरून येते. पहिलीविषयी कोणी विचारत नाही.

कोलकात्यातील स्वयंसेवकांचा दिनक्रम अनेकांनी लिहिला आहे. सकाळची मिस्सा, मग पाव, केळे आणि चहाची न्याहारी, मग निरनिराळ्या निवासांकडे निघणाऱ्या तुकड्या, तेथे कपडे धुणे, भांडी घासणे, भरवणे, गुरुवारी सुट्टी. या वर्णनांच्या कडेला कधीतरी एक शब्द डोकावतो: ‘मासी’. बंगालीत मासी म्हणजे आपली मावशी. निवासात पगारावर काम करणाऱ्या या स्थानिक बाया. स्वयंसेवक येतात, जातात, मासी राहते. कोणत्या रुग्णाला वरण गिळवत नाही, कोणाला रात्री भीती वाटते, कोण चोरून भाकरी उशाखाली ठेवतो, हे तिला ठाऊक. उतारशाळेचा रक्षक शोधावयाचा तर तो येथे सापडेल. आपल्या वृत्तांत मात्र ती ‘तेथील बायकांनी आम्हाला काम दाखवले’ एवढ्या एका वाक्यात संपते.

एक पुस्तक आणि त्याचा चित्रपट

याच शहराविषयी दोमिनिक लापिएर यांनी १९८५ साली ‘सिटी ऑफ जॉय’ लिहिले. हावड्याच्या पिलखाना वस्तीवर ते बेतलेले आहे. या पुस्तकातही परदेशातून आलेले सेवक आहेत: पोलिश वंशाचा धर्मगुरू कोवाल्स्की आणि अमेरिकन डॉक्टर मॅक्स. दारिद्र्याचे नाट्य रंगवण्याची लापिएर यांची हौस कधी कधी अंगावर येते. आनंदी गरिबांचे त्यांचे कौतुकही जरा अतिच होते. तरीही या पुस्तकाने एक गोष्ट साधली, आणि तीवर आमचा भर आहे. हासारी पाल हा हातरिक्षा ओढणारा माणूस त्यात रिक्षा ओढताना प्रथम भेटत नाही. आधी त्याचे गाव येते, शेत येते, न आलेला पाऊस येतो. तो शहरात का आला हे वाचकाला कळते. क्षयाने पोखरलेला हासारी मुलीच्या लग्नासाठी स्वतःचा सांगाडा मरणाआधीच विकतो, तेव्हा त्या भयंकर व्यवहारामागे एका बापाचा हिशेब आहे हे आपण ओळखतो. हासारी या पुस्तकात प्रथमा विभक्तीत उभा आहे. लेखकाने त्या वस्तीत दीर्घकाळ जाऊन-येऊन माणसांना बोलते केले आणि मानधनाचा मोठा वाटा पुढे तेथील कामांसाठी दिला, याचा या यशाशी संबंध आहे असे आम्हाला वाटते. दोन दिनार देऊन तो शोमरोनी पुन्हा उतारशाळेकडे आला होता.

याच पुस्तकावर रोलंड जॉफे यांनी १९९२ साली काढलेला चित्रपट तुलनेसाठी पाहावा. ओम पुरी यांनी हासारी आणि शबाना आझमी यांनी त्याची बायको उभी केली, ती मनःपूर्वक. पण पटकथेने तोल बदलला. धर्मगुरू कोवाल्स्की गाळला गेला; अमेरिकन डॉक्टर केंद्रस्थानी आला. वस्तीचे दुःख आता त्याच्या आत्मशोधाची पार्श्वभूमी झाले. आपल्या ‘घेऊनच परत आलो’ या वाक्याची ही मोठ्या पडद्यावरची आवृत्ती होय. चित्रीकरणाच्या वेळी कोलकात्यात निदर्शने झाली. त्यांत राजकारण होते, अतिरेकही होता. तरी आपले शहर परक्याच्या जागृतीसाठी वापरले जाते आहे, ही त्यामागची खंत निराधार नव्हती.

मराठीतील दुसरी वाट

मराठी वाचकाला दुसरी वाट शोधायला फार दूर जावे लागत नाही. डॉ. अनिल अवचट शिक्षणाने वैद्य. त्यांचे पहिले पुस्तक ‘पूर्णिया’ १९६९ साली निघाले. बिहारमधील एका जिल्ह्याचे दारिद्र्य त्यात आहे. पण ते पाहून लेखकाचे हृदय कसे विरघळले याची वर्णने नाहीत. जमीन कोणाकडे, राबणारा कोण, धान्य जाते कोठे, असे प्रश्न त्यात येतात. पुढील काळातील त्यांच्या रिपोर्ताजांत हमाल, तंबाखूचे कामगार, भटक्या जमातींची माणसे आपल्याच तोंडाने बोलतात. पोत्याचे वजन किती, मजुरी किती, सावकाराचे देणे किती, हे अवचट विचारतात आणि लिहून घेतात. २०२२ साली ते निवर्तले. श्रद्धेची भाषा ते वापरत नसत. पण दोन दिनारांचा हिशेब शुभवर्तमानाला परका नाही, हे त्यांच्याकडे पाहून आपल्या लेखकांनी ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीचे. चंद्रपूर जिल्ह्यातील या प्रकल्पावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून तरुण जात आले. तेथे गेलेल्याला कोणाला भरवायचे नसते. ज्यांनी कुष्ठरोगातून उठून ती जमीन लागवडीखाली आणली, त्यांच्या भूमीवर त्याने घाम गाळावयाचा, कुदळ धरायला शिकावयाचे. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे तेथे आपोआप उलटते. अशा ठिकाणाहून परतलेल्या तरुणाच्या लेखात ‘त्यांना’ऐवजी ‘त्यांनी’ अधिक येईल, ही आमची अटकळ आहे. त्यांनी शिकवले, त्यांनी हसून दुरुस्त केले. मराठीत चतुर्थीतून तृतीयेत जायला एका अक्षराची वेलांटी पुरते. जगण्यात मात्र त्यासाठी फार काही बदलावे लागते.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल: उजव्या हाताचे डाव्याला कळू नये अशी प्रभूची शिकवण असता, सेवेविषयी लिहावेच कशाला? आम्ही या आक्षेपाचा आदर करतो. पण तो सेवकाच्या प्रसिद्धीला लागू आहे, गरिबाच्या परिस्थितीला नव्हे. स्वतःविषयी मौन पाळून परिस्थितीविषयी बोलता येते. आपल्याकडे नेमके उलटे घडते: स्वतःविषयी तीन पाने, परिस्थितीविषयी तीन ओळी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबाला नाव-गाव द्या म्हणता. मग त्याची अब्रू? कुष्ठरोग्याचे, अनाथ मुलाचे, मरणाऱ्या बाईचे नाव आणि छायाचित्र छापणे योग्य काय? मुळीच नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद ज्या घरी जातात त्या घराविषयी बाहेर बोलत नाहीत. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या कार्याचा तो जुना शिरस्ता आहे. आम्ही मागतो ते निराळेच. नाव झाकावे, पण माणूस झाकू नये. ती कोणत्या हंगामात काय काम करी, तिला काय आवडत नाही, आमच्या गाण्यांचा तिला कंटाळा आला होता काय, हे सांगता येते. विचित्र गोष्ट अशी की, आपल्या अंकांत बहुधा छायाचित्र मोठे असते आणि माणूस गाळलेला असतो.

त्याबरोबरच, फसलेल्या सेवेविषयी लिहिण्याचे धैर्यही हवे. त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले, कारण ते तेथील माणसांच्या उपयोगाचे नव्हते. ‘गूंज’ या संस्थेने पुढे त्या टाकलेल्या कापडाला कामी आणले. ते कपडे कोणी वाईट हेतूने पाठवले नव्हते. गोळा करणाऱ्या धर्मग्रामांनी, शाळांनी, मंडळांनी मनापासूनच पाठवले. तुम्हाला काय हवे, एवढे विचारायचे राहून गेले. आपल्या वृत्तांत ट्रक निघाल्याचा समारंभ येतो. ट्रकमधले कोणाच्या अंगावर चढले ते येत नाही. ते आले असते तर पुढच्या ट्रकमध्ये काय भरावे हे कळले असते. लेखनातील ही उणीव म्हणूनच केवळ साहित्याची राहत नाही. तिचा भुर्दंड किनाऱ्यावरच्या कोळ्याला पडतो.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात ज्या तुकड्या निघतील, त्यांतील लिहिणाऱ्यांना आमचे काही सांगणे आहे. पहिल्या दिवशीच्या धक्क्याविषयी एक परिच्छेद पुरे. मासीला, वॉर्डबॉयला, तेथील सिस्टरला बसवून अर्धा तास बोलते करा; तिचा पगार, तिची मुले, तिचे पाय कधी दुखतात, हे विचारा. एका तरी रुग्णाकडून त्याच्या गावची वाट समजून घ्या. आपण नेलेल्या वस्तूंपैकी काय उपयोगी पडले आणि काय पडून राहिले, त्याची यादी करा. आणि घरी आल्यावर लेख लिहून संपला असे समजू नका. सहा महिन्यांनी तेथे पत्र टाकून विचारा, आता काय चालले आहे. त्या उत्तराला संपादकांनी पुढच्या अंकात जागा द्यावी. आमच्या समजुतीप्रमाणे, त्या पत्राचे उत्तर बहुधा मासीच सांगेल आणि सिस्टर लिहून घेतील.